नोएमियासाठी स्वस्तातला शनिवार-रविवार

पोर्तो, ११ फेब्रुवारी

नोएमिया,

आज सकाळी धुकं होतं, दुपारी निवळलं. मी कपडे वाळत घातले. पोस्टमन आला तेव्हा वीजबिल होतं आणि दफनभूमीच्या कचेरीचं एक पत्र होतं. मग सूप केलं. आता हे लिहायला बसलो आहे.

पत्र तुझ्या आईच्या जागेबद्दल आहे. तिला पुरून तीन वर्षं होऊन गेली, तेव्हा नियमाप्रमाणे आता जागा उघडायची. ३० मार्च, शनिवार, सकाळची वेळ दिली आहे. अस्थी स्वच्छ करून छोट्या पेटीत भरतील आणि ती भिंतीतल्या कप्प्यात जाईल. कप्पा मी तुझ्या आजीच्या शेजारचा घेऊन ठेवला आहे. खालची जागा मग दुसऱ्या कुणाला मिळेल. घरच्या माणसाने हजर राहायलाच हवं असं नाही, पण बहुतेक लोक राहतात.

तुला कळवणं माझं काम होतं, म्हणून कळवलं. ये असं मी म्हणत नाही. येऊ नकोस असंही म्हणत नाही. फोन नको असं तू म्हणाली होतीस, म्हणून पत्र.

बाकी ठीक. न्हाणीघरातला नळ गळत होता, तो दुरुस्त केला.

पप्पा


पोर्तो, २३ फेब्रुवारी

नोएमिया,

तुझं कार्ड काल आलं. आलीस तर घरी उतरणार नाहीस, आणि शाळेच्या स्वयंपाकघरातले तुझे तास कमी झाल्यामुळे फार खर्च करता येणार नाही, हे समजलं. पैसे पाठवू का, असं विचारणार होतो. पण पुढच्याच ओळीत तू 'पैसे पाठवू नका' असं लिहिलं आहेस.

तेव्हा हे दोन दिवस स्वस्तात कसे बसवायचे ते मी पाहतो. नगरपालिकेच्या नकाशा विभागात इतकी वर्षं काढली, तर एवढं जमायला हवं. पण मी धरून चाललो होतो ते पोर्तो आता राहिलेलं नाही. आपल्या गल्लीत निम्म्या दारांवर किल्ली ठेवायच्या छोट्या डब्या लागल्या आहेत, आत भाड्याने उतरणारे पाहुणे दर आठवड्याला बदलतात. ज्या धक्क्यावर तू सायकल शिकलीस तिथे बसून कॉफी पिणं मला परवडत नाही.

विमान शुक्रवारी संध्याकाळी येणारं आणि सोमवारी पहाटे जाणारं घे. रविवार रात्रीचं दुप्पट महाग आहे. हातात मावेल तेवढीच बॅग आण. विमानतळावरून टॅक्सी करू नकोस, मेट्रोने ये. ती तू गेलीस तेव्हाही होती, पण मी कधी त्या टोकापर्यंत गेलो नव्हतो, म्हणून काल जाऊन आलो. तिथे एका गणवेशातल्या मुलीने मला हटकलं.

"आजोबा, कुणाला घ्यायला आलात? विमान कुठलं?"

"कुणाला नाही. मेट्रो बघायला आलोय."

"मेट्रो?"

"किती वेळ लागतो ते बघायला."

तिने मला पाणी दिलं आणि खुर्चीवर बसवलं. मी हरवलो आहे असं तिला वाटलं असावं. पाणी पिऊन पुढच्या गाडीने परत आलो. अर्ध्या तासात तू गावात येशील.

पप्पा


पोर्तो, ६ मार्च

नोएमिया,

खोली मिळाली. बागेमागच्या चढावर दोना ओतिलिया म्हणून एक बाई आहेत, त्यांच्याकडे जुन्या पद्धतीच्या खोल्या आहेत. न्हाणीघर सामाईक, न्याहारी नाही. दफनभूमी तिथून चालत जवळ आहे. मी आत गेलो तेव्हा त्या भाजी निवडत होत्या. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"बायकोने हाकललं का?"

"नाही. खोली मुलीसाठी हवी आहे."

"मुलगी कुठे असते?"

"लक्झेंबर्गला."

"आणि तुम्ही?"

"इथेच. फोंताइन्यासला."

"म्हणजे दहा पावलांवर. घर पडलं की काय तुमचं?"

"नाही, घर आहे."

त्यांनी भाजी खाली ठेवली. "बरं. मी काही विचारत नाही. मागची खोली देते. पुढच्या खोल्यांत रात्रभर चाकांच्या बॅगा खडखडतात, लोकांना दगडी रस्ता माहीत नसतो ना. मागून नदी दिसते, पण गोऱ्या पाहुण्यांना मी ते सांगत नाही, नाहीतर भाडं वाढवावं लागेल."

"आपणही गोरेच आहोत, दोना ओतिलिया."

"आपण काळवंडलेलो आहोत," त्या म्हणाल्या.

मी खोली पाहिली. पलंग दाबून पाहिला. खिडकीची एक काच सैल आहे, ती पुट्टी लावून बसवून देतो म्हणालो, त्यांनी त्याबद्दल भाड्यातून थोडं कमी केलं. हे पैसे पाठवण्यात धरू नये.

घरी परतताना आपल्या जिन्यावर वरच्या मजल्यावरच्या दोना झुल्मिरा भेटल्या. तू येतेस हे त्यांना माझ्याआधी माहीत होतं. त्या म्हणाल्या, "पोरीला खोली शोधताय म्हणे. शाब्बास. त्यापेक्षा तोंड उघडलं असतंत तर फुकट पडलं असतं." मी म्हटलं, ती घरी येणार नाही म्हणते. त्या म्हणाल्या, "का येईल? आईला माती देऊन जेवायला बसलो होतो सगळे. झेफेरिनुने खानावळीच्या रीतीने न मागताच पाव आणि ऑलिव्हची बशी ठेवली, खाल्लं तरच त्याचे पैसे, आणि तुम्ही काय म्हणालात? 'हे परत ने, आम्ही मागवलेलं नाही.' त्या दिवशीसुद्धा, सेन्योर बेल्मिरु! पोरगी उठली ती विमानतळावरच गेली. सगळ्या गल्लीला माहीत आहे."

मी त्यांची पिशवी वरपर्यंत नेऊन दिली.

पप्पा


पोर्तो, १९ मार्च

नोएमिया,

तिकीट काढलंस हे कार्डावरून कळलं. बरं झालं.

आज बापांचा दिवस म्हणून बेकरीत गर्दी होती. मी पाव घेऊन आलो.

जेवणाचं असं. सकाळी नदीकाठी काही खाऊ नकोस. बाजाराच्या मागे उभ्याने खायचं दुकान आहे, तिथे मांस भरलेला पाव आणि सूप मिळतं, त्यात दुपारपर्यंत निभतं. ट्राममध्ये बसू नकोस, ती आता पाहुण्यांसाठी आहे. समुद्रापर्यंत पाचशे नंबरची बस जाते, तोच रस्ता, तीच नदी. पूल वरच्या मजल्यावरून पार कर, त्याला कोणी पैसे घेत नाही. मनोऱ्यावर चढू नकोस. वरून दिसतं ते आपल्या गच्चीवरून दिसतं. म्हणजे दिसायचं. समोर आता हॉटेल झालं आहे.

शनिवारी दफनभूमीनंतर जेवायला कुठे जायचं, की जायचंच नाही, ते तू ठरव. झेफेरिनुची खानावळ चालू आहे आणि अजून महाग झालेली नाही, एवढंच सांगतो.

आज तुझ्या आईच्या जागेवर जाऊन आलो. फाटकाजवळच्या कामेलियाच्या झाडाला फुलं आहेत, खाली सडा पडतो आणि तपकिरी होतो. तिथे सेन्योर अमादेउ भेटले. जागा उघडण्याचं काम तेच करतात. त्यांनी टाचेने माती दाबून पाहिली.

"ओली आहे. नदीकडच्या बाजूची माती अशीच, चिकट. बाई आजारी होत्या का बरेच दिवस? औषधं? त्यानेही देह झिजायला वेळ लागतो."

मी म्हटलं, हो.

"बघू," ते म्हणाले. "माती तिचं काम करते. कधी लवकर, कधी उशिरा. माणसासारखीच, कामचुकार."

तुझ्या आईचा तपकिरी कोट इतके दिवस कपाटात होता. तो आज दोना झुल्मिरांना दिला, त्यांना तो आवडायचा. देण्याआधी खिसे रिकामे केले. बसचं तिकीट, हातमोजा एकच, आणि कागदी रुमालात गुंडाळलेली ऑलिव्हची एक सुकलेली बी.

ती कशी तिथे आली हे तुला माहीत असेल की नाही, मला ठाऊक नाही. झेफेरिनुने बशी ठेवली की मी ती परत द्यायच्या आत तुझी आई एक ऑलिव्ह उचलायची, तोंडात ठेवायची आणि खिडकीबाहेर बघत बसायची. बी रुमालात. बशी भरलेली दिसायची, झेफेरिनु पैसे लावायचा नाही. तिला वाटायचं मला दिसत नाही. मीही कधी दिसल्याचं दाखवलं नाही. झेफेरिनुलाही माहीत असणार.

बी मी फेकली नाही, भांड्यांच्या खणात ठेवली आहे.

पप्पा


पोर्तो, २९ मार्च
(दोना ओतिलियांकडे ठेवलेली चिठ्ठी)

नोएमिया,

काच बसवली आहे, वारा आला तर सांग. टेबलावर पाव, चीज आणि दोन संत्री आहेत. सोबत नकाशा ठेवतो: खोलीपासून दफनभूमीच्या फाटकापर्यंत. मधल्या गल्लीत खोदकाम चालू आहे, म्हणून वळसा लाल पेन्सिलीने दाखवला आहे.

उद्या मी फाटकापाशी उभा असेन. तू थेट आलीस तरी चालेल, उशिरा आलीस तरी चालेल.

पप्पा


पोर्तो, २ एप्रिल

नोएमिया,

काल पहाटे तुझं विमान वेळेवर सुटलं हे पाहिलं. मी आज खोलीचा हिशेब मिटवायला गेलो तर दोना ओतिलिया म्हणाल्या, तू आधीच मिटवून गेलीस. "चादरीसुद्धा घडी घालून गेली. तुमचीच मुलगी, शंका नाही," म्हणाल्या. नकाशा मात्र खोलीत नव्हता. तू हातात घेऊन फाटकाशी आली होतीस तेव्हा म्हणालीस, "पप्पा, मी इथे वाढलेय. मला नकाशा कशाला?" ते बरोबरच होतं. खोदकामाबद्दल तुला माहीत नसेल म्हणून काढला होता.

तू आत आली नाहीस. त्याबद्दल मला काही म्हणायचं नाही. कामेलियाखाली उभी राहिलीस, तेवढं पुष्कळ झालं. मी बाहेर आल्यावर तू विचारलंस, आत काय दिसलं. मी एवढंच म्हणालो, "पुन्हा बंद केलं. दोन वर्षांनी." जेवतानाही तू विचारलंस आणि मी सूप निवतंय असं म्हणालो. मला समोर बसून सांगता येत नाही. लिहितो.

सेन्योर अमादेउ आणि त्यांचा जोडीदार दोघे होते. बरंच खोल जावं लागलं. फावडं लाकडावर आपटलं तेव्हा अमादेउ थांबले. त्यांनी हाताने माती बाजूला केली. झाकण आख्खं होतं. लाकडावरची चमकसुद्धा काही ठिकाणी तशीच. त्यांनी कोपऱ्यातून थोडंसं उचलून आत पाहिलं, मला पुढे येऊ दिलं नाही, आणि परत दाबून बसवलं. म्हणजे तुझ्या आईला मी पाहिलं नाही. तू विचारलंस त्याचं उत्तर हे. मला फक्त लाकूड दिसलं.

अमादेउ वर आले, टोपी काढून घाम पुसला.

"सेन्योर, ही पेटी कुणी घेतली?"

"मी."

"ओक. एवढ्या जाडीचा. वर तीन हात पॉलिश." ते जोडीदाराकडे वळले. "बघितलंस? पंतप्रधानाला पुरलंय जणू." मग माझ्याकडे. "रागावू नका. पण कायमची जागा नसेल तर पेटी स्वस्तातली घ्यायची असते. पाइनची, पातळ. सगळे तीच घेतात. माती आत जायला नको का, अस्थी मोकळ्या व्हायला? अशी पेटी घेणारा एक तर श्रीमंत असतो, नाहीतर कधी कुणाला पुरलेलं नसतं. तुम्हाला दुकानदाराने फसवलं."

मी म्हटलं, नाही, त्याने पाइनचीच दाखवली होती.

ते खरं आहे. तू तेव्हा अजून पोचली नव्हतीस. दुकानात पाइनची पेटी पुढेच मांडलेली होती. तो म्हणाला, सगळे हीच घेतात. मी म्हटलं, दुसरी. त्याने दुसरी दाखवली. मी म्हटलं, याहून चांगली. असं करत करत दुकानाच्या शेवटपर्यंत गेलो. किंमत मी विचारली नाही, त्याने बिलावर लिहिली ती दिली. माझ्या आयुष्यात किंमत न विचारता घेतलेली ती एकच वस्तू असावी. ती चुकीची निघाली.

अमादेउंनी कागदावर सही घेतली. दोन वर्षांनी पुन्हा उघडतील, तोवर आत पाणी शिरावं म्हणून त्यांनी झाकणाला फावड्याने दोन फटी पाडल्या. माती लोटताना ते म्हणाले, "चला, बाईंना आणखी दोन वर्षं भाडं माफ. या गावात हल्ली कुणाला मिळतं?" मी हसलो असेन. त्यांनी माझ्या खांद्याला मातीचा हात लावला, त्याचा डाग कोटावर आहे.

मी फाटकाबाहेर आलो ते हे सगळं घेऊन. म्हणून फार बोललो नाही.

झेफेरिनुकडचं मी लिहिणार नव्हतो, तू तिथेच होतीस. पण तुला एक गोष्ट माहीत नाही. जायच्या आधी मी ठरवलं होतं की बशी आली की गप्प राहायचं. हात मांडीवर ठेवून बसलो होतो. झेफेरिनुने पाव ठेवला, ऑलिव्ह ठेवली, आणि मी तोंड मिटून बशीकडे बघत होतो. आणि तू मेनूवरून नजरही न उचलता म्हणालीस, "हे परत ने, काका. आम्ही मागवलेलं नाही."

त्यानंतर तू तोंडावर हात ठेवलास. झेफेरिनु बशी धरून तसाच उभा राहिला. तू हसत होतीस की दुसरं काही, ते मला नीट कळलं नाही. मी विचारलं नाही. झेफेरिनु म्हणाला, "घ्या! बाप गेला नाही तोवर गादी चालवायला घेतली पोरीने," आणि बशी घेऊन गेला. आपण सूप प्यायलो. रविवारी तू बसने समुद्राकडे एकटी गेलीस, तेही ठीक. तू पुलाच्या वरच्या मजल्यावरून परत चालत येत होतीस, ते मी गच्चीवरून पाहिलं. हॉटेलच्या कडेने अजून थोडा पूल दिसतो.

पप्पा


पोर्तो, ४ मे

नोएमिया,

आज सकाळी ऊन होतं. बाजारात जाऊन कोबी आणला. तुझं कार्ड काल संध्याकाळी आलं. मी ते वाचलं, मग दोना झुल्मिरांनी ते माझ्या हातातून घेऊन वाचलं आणि तपकिरी कोट घालून, एवढ्या उकाड्यात, खाली कुणाला तरी सांगायला गेल्या.

पेटीबद्दल तू काही लिहिलं नाहीस. ते बरं केलंस. तू लिहिलं आहेस: 'पुढच्या वेळी दोना ओतिलियांकडे खोली विचारू नका. ते पैसे जेवणावर घालू.'

ठीक आहे. तुझ्या खोलीत इस्त्रीचं टेबल आणि माझे जुने नकाशे आहेत, ते हलवावे लागतील. दोन वर्षं आहेत, होईल. तिकीट मात्र आधी काढ, मार्चमध्ये महाग होतात. मेट्रोचं तुला माहीत आहे.

दोना ओतिलियांना सांगितलं तर म्हणाल्या, "गिऱ्हाईक गेलं म्हणायचं. काच तरी बसवून मिळाली."

हे झेफेरिनुकडे बसून लिहितो आहे. दुपारची गर्दी ओसरली आहे. तो पाव आणि ऑलिव्हची बशी घेऊन आला, ठेवली, आणि नेहमीप्रमाणे हात तिथेच ठेवून थांबला.

"नेतो?"

"राहू दे."

"काय?"

"राहू दे म्हटलं."

"पैसे पडतील हं, सेन्योर बेल्मिरु."

"माहीत आहे."

तो आत जाऊन बायकोला काहीतरी म्हणाला, ती दारातून डोकावून गेली. आता दोघेही आत आहेत. मी एक ऑलिव्ह खाल्लं. खारट आहे, लसूण जास्त आहे. बी कागदी रुमालात गुंडाळून खिशात ठेवली. मग दुसरं खाल्लं, आणि ती बी बशीच्या कडेला ठेवली.

पप्पा